पायऱ्या, पाणी आणि नारू

गेल्या हिवाळ्यात आम्ही ऑफिसमधल्या चौघी मैत्रिणी राजस्थानला गेलो होतो. जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने निघालं की दौसा जिल्ह्यात आभानेरी नावाचं छोटं गाव आहे. तिथली चाँद बावडी तुम्ही प्रत्यक्ष पाहिली नसेल, पण एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिली असेल. आठव्या-नवव्या शतकातली ही पायऱ्यांची विहीर तेरा मजले खोल आहे आणि तिला सुमारे ३,५०० पायऱ्या आहेत. वरून पाहिलं की पायऱ्यांची त्रिकोणी नक्षी थेट तळातल्या हिरव्या पाण्यापर्यंत उतरत गेलेली दिसते. पर्यटकांना खाली उतरू देत नाहीत. कठड्यामागून जमतील तेवढे फोटो काढले आणि परत आलो.

घरी आल्यावर आजीला मोबाइलवर फोटो दाखवत होते. आजी मराठवाड्यातल्या एका खेड्यातली, आता ऐंशी ओलांडलेली.

"अगं, ही तर बारव," ती म्हणाली. "आमच्या बारवेपेक्षा लई मोठी." मग थोडं थांबून म्हणाली, "नारू असंल हिच्यात."

नारू म्हणजे काहीतरी भूतबित असेल, असं मला वाटलं. आजीने लुगड्याचा काठ जरा वर केला. घोट्याच्या वर रुपयाएवढा पांढुरका डाग. हा डाग मी लहानपणापासून पाहत आलेय. भाजल्याचा असेल असं समजून कधी विचारलंच नव्हतं.

"हितनं निघाला होता," ती म्हणाली. "हातभर लांब."

*

नारू हा एक कृमी. राजस्थानात त्याला नारू म्हणतात, तसंच बाळा किंवा वाळाही म्हणतात. माझं काम बॅकएंडचं. एखादी यंत्रणा बिघडली की आम्ही आधी कागदावर तिची आकृती काढतो: काय कशावर अवलंबून आहे, कोणता बाण कुठून कुठे जातो. त्या रात्री मी नारूचीही तशी आकृती काढली.

साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा जेमतेम मिलिमीटरभराचा जीव असतो. त्याच्या पोटात नारूची अळी वाढते. ते पाणी माणूस न गाळता पितो. जठरात सायक्लॉप्स मरतो, अळ्या मात्र जगतात आणि आतड्याच्या भिंतीतून शरीरात शिरतात. नर-मादीचं मीलन झाल्यावर नर मरून जातो. मादी कातडीखाली वाढत राहते आणि दोन ते तीन फूट लांब होते. या काळात माणसाला काहीच कळत नाही. सुमारे वर्षभराने, बहुतेक वेळा गुडघ्याखाली, एक फोड येतो आणि पाय जळायला लागतो. आग सहन होईना की माणूस पाय पाण्यात बुडवतो. फोड फुटतो, मादीचं तोंड बाहेर येतं आणि पाण्यात लाखो अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स खातो. दोन आठवड्यांत ते पाणी पुढच्या माणसासाठी तयार होतं.

आकृती पूर्ण झाली. बाण जिथून निघाला होता तिथेच परत आला.

या रोगावर लस नाही. त्याला मारणारं औषध नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही. उपाय एकच आणि तो फार जुना: बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडंथोडं, दोरा ओढावा तसं ओढत राहायचं. घाई केली आणि कृमी आत तुटला तर जखम चिघळते, पू होतो, सांधा कायमचा आखडू शकतो. पूर्ण निघायला कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागतात. माणूस सहसा मरत नाही, अंथरुणाला खिळतो. आणि वर्षभरापूर्वीच्या उन्हाळ्यात प्यायलेलं पाणी नेमकं पुढच्या पेरणीच्या तोंडावर पायातून बाहेर येतं.

*

आता राजस्थानचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. देशाच्या जमिनीचा दहावा भाग या एका राज्यात आहे, पण जमिनीवरच्या पाण्याचा वाटा जेमतेम एक टक्का. अरवलीची रांग राज्याला तिरकी कापत जाते. पश्चिमेला थरचं वाळवंट. दक्षिणेला उदयपूर, डुंगरपूर, बांसवाडा हा डोंगराळ, कठीण खडकाचा आणि मोठ्या भिल्ल वस्तीचा मुलूख.

अशा ठिकाणी पाण्याची पातळी वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं, वैशाखात ते खोल जातं. बावडी हे त्यावर काढलेलं अतिशय हुशार उत्तर होतं. पाणी खाली गेलं की माणसाने आणखी चार पायऱ्या उतरायचं. आत सावली, गारवा, वाटसरूंना विसावा. राजे, राण्या, व्यापारी यांनी पुण्यकर्म म्हणून बावड्या बांधल्या. बुंदीची रानीजी की बावडी राणी नाथावतीने १६९९ साली बांधली. जोधपूरचा तूरजी का झालरा १७४०च्या दशकातला. आज त्याच्याभोवती कॅफे आहेत.

पण मघाची आकृती बावडीच्या शेजारी ठेवून पाहा. पायऱ्या माणसाला पाण्यापर्यंत नेतात, म्हणजे त्याचा पायही पाण्यापर्यंत नेतात. घागर बुडवायची तर घोटाभर पाण्यात उभं राहावं लागतं. उन्हाळ्यात पाणी आटून तळाशी जातं. थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होते आणि सगळं गाव त्याच डबक्यात उतरतं. वास्तूचा जो गुण, तोच नारूचा रस्ता.

शिवाय पायऱ्या कोण उतरायचं? बांधणाऱ्याचं नाव शिलालेखात असतं. रोज दोन-तीन खेपा करणाऱ्या बायकांचं कुठेच नसतं. ज्यांना जातीमुळे गावाच्या विहिरीवर येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्या वाट्याला तर याहून वाईट, उघड्या डबक्यांचं पाणी यायचं.

परंपरेतच याचं एक उत्तरही होतं. पश्चिम राजस्थानात घराशेजारी 'टांका' असतो. पावसाचं पाणी साठवणारा, वरून झाकलेला हौद. त्यातलं पाणी बादलीने वर ओढून घेतात. टांक्यात कुणाचा पाय बुडत नाही.

*

सायक्लॉप्सचा या रोगाशी असलेला संबंध रशियन संशोधक फेदचेन्को यांनी १८७०च्या सुमारास मध्य आशियात शोधला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत डॉ. तुरखुड यांनी माणसांवरच्या प्रयोगातून त्याला दुजोरा दिला. म्हणजे काय करायला हवं हे स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. तरीही आजीच्या पायातून नारू निघाला तो १९५०च्या दशकात. माहिती होती, पण तिच्या गावात दुसरं पाणी नव्हतं.

दुसरं पाणी आणायचं तर खडकात बोअर पाडायचा आणि त्यावर रोज शेकडो हात ओढतील असा पंप बसवायचा. इथे गोष्ट पुन्हा आजीच्या मुलखाजवळ येते. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबापुरते बनवलेले होते. अख्ख्या गावाने वापरले की काही महिन्यांत मोडायचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी पोलादाचा दणकट पंप तयार केला. सोलापुरात तो आणखी सुधारला. हात आणि दांडा यांच्यामध्ये साखळी आली, बेअरिंग आली, ओटा पक्का झाला. या सोलापूर पंपावरूनच युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हातपंप घडला. शाळेच्या आवारात किंवा एसटी स्टँडवर तुम्ही ज्याचा दांडा लटकून ओढला असेल, तोच हा.

नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४मध्ये सुरू झाला. १९८४ साली सात राज्यांतल्या १२,८४० गावांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण नोंदले गेले. त्या सातांत राजस्थान होतं आणि महाराष्ट्रही. कार्यक्रमाने मघाच्या आकृतीतला प्रत्येक बाण एकाच वेळी तोडायला घेतला. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या, म्हणजे सायक्लॉप्स पोटात जाणार नाही. पाण्यात ठरलेल्या प्रमाणात टेमेफॉस टाका, म्हणजे सायक्लॉप्स मरेल. नारू निघालेल्याला पाण्यात उतरू देऊ नका, जखम बांधा. बावडीच्या पायऱ्या बंद करून काठावर कठडा आणि रहाट बसवा. नारूच्या गावाला आधी हातपंप द्या. आणि घरोघरी जाऊन विचारत राहा: कुणाच्या पायातून निघाला का?

यातलं कापड हे मला सगळ्यात थोर तंत्रज्ञान वाटतं. वीज नको, सुटे भाग नकोत, दुरुस्ती नको. पण प्रत्येक घरात, रोज, प्रत्येक घागरीला कुणीतरी ते बांधायला हवं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक ठिकाणी घरातली बाई.

दक्षिण राजस्थानातल्या आदिवासी जिल्ह्यांत युनिसेफ आणि स्वीडनच्या मदतीने 'स्वच्छ' नावाचा प्रकल्प १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. त्याने ही गोष्ट ओळखली. गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, काहींना हातपंप दुरुस्त करायला शिकवलं. अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाच्या संस्थेनेही गावातलेच मिस्त्री तयार करण्यावर भर दिला होता. पाना हातात घेऊन बोअरमधून पाइप उपसणारी बाई हे दृश्य तेव्हा गावाला नवीन होतं. पंप बंद पडला की शहरातून माणूस येईपर्यंत गाव परत बावडीत उतरणार, हे ज्यांना नेमकं माहीत होतं, त्यांच्याच हातात पाना आला.

आकडे उतरत गेले. १९९६ साली देशात फक्त ९ रुग्ण उरले, तेही राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात. जुलै १९९६मधला रुग्ण भारतातला शेवटचा. त्यानंतर तीन वर्षं शोध चालू ठेवला, कारण नारू वर्षभर लपून राहू शकतो. फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. जगात १९८६ साली वर्षाला ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. २०२४मध्ये १५ होते.

देवी गेली हे आपण शाळेत शिकतो. पोलिओचे दोन थेंब सगळ्यांना आठवतात. नारू गेला हे माझ्या वयाच्या एकाही मित्राला माहीत नव्हतं. लशीचा फोटो काढता येतो. दोन पदरी कापड आणि बंद केलेली पायरी यांचा कोण काढणार?

*

गोष्ट इथे संपवायचा मोह होतो, पण ती संपत नाही. राजस्थानच्या खडकात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड आहे. खोल बोअरचं पाणी वर आलं, तेव्हा तेही वर आलं. नागौरसारख्या जिल्ह्यांत दात तपकिरी पडलेली मुलं आणि कंबर वाकलेली माणसं हा तिथला आजचा प्रश्न आहे. बोअर वाढले, विजेचे पंप आले, आणि आता राज्यात जमिनीत वर्षभरात जेवढं पाणी मुरतं त्याच्या सुमारे दीडपट उपसलं जातं. पाणी खाली गेलं तशा कित्येक बावड्या कोरड्या पडल्या आणि पुढे कचऱ्याने भरल्या.

म्हणून आज त्या पुन्हा साफ केल्या जातायत हे मला मनापासून आवडतं. महाराष्ट्रातही पोरं सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन बारवांमधला गाळ काढतात. बारव जिवंत राहिली तर आसपासच्या जमिनीत पाणी मुरेल. मीही दोनदा जाऊन आलेय. पण तिथल्या पोस्टरवर 'आपल्या पूर्वजांचं शुद्ध पाणी' असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा मला आजीचा घोटा आठवला. पूर्वजांनी पाणी साठवलं, हे खरं. ते शुद्ध नव्हतं, हेही तितकंच खरं. त्याची किंमत ज्यांनी भरली त्यांच्यातली एक माझ्या घरात रोज चहा करते.

पुढच्या महिन्यात आजीच्या गावाजवळची एक बारव साफ करायची आहे. आजीला विचारलं, "जाऊ का? तुला चालेल?"

"मला काय विचारती? करा की साफ. देवाचं पाणी हाय ते." मग तिने नेहमीसारखे दोन्ही पाय जवळ ओढून घेतले. "पण पोरांना सांग, पाणी वरनं शेंदा म्हणावं. पाय बुडवू नका."