लंडन नगरांतील बांधकामाच्या फिर्यादी व त्यांचें दफ्तर

शेजाऱ्यानें परवान्यावांचून भिंत पुढें घातली, नगरसभेस कळविलें, परंतु चौकशीचें पुढें काय झालें तें कोणी सांगत नाहीं, हें गाऱ्हाणें इंग्लंडांत हल्लीं वारंवार ऐकूं येतें. त्याचें मूळ शोधावयाचें तर जुनें दफ्तर पाहिलें पाहिजे, म्हणून लंडन नगराच्या ‘असाइझ ऑफ न्यूसन्स’ या न्यायसभेच्या कागदांचा अल्प परिचय येथें करून देत आहों.

१३०१ ते १४३१ या काळांतील हें दफ्तर लॅटिन भाषेंत चर्मपत्रावर लिहिलेलें असून त्याचा इंग्रजी सारांश लंडन रेकॉर्ड सोसायटीनें १९७३ सालीं छापिला. फिर्याद दाखल झाली म्हणजे मेयर व आल्डरमन स्वतः जागेवर जात. शपथबद्ध गवंडी व सुतार पाहणी करीत. उपद्रव शाबीत झाल्यास तो ४० दिवसांत दूर करण्याचा हुकूम होई. नियम मोजमापाचे होते. सामाईक दगडी भिंत ३ फूट जाडीची, तिला उभयतांनीं दीड-दीड फूट जागा द्यावयाची; शौचकूप दगडानें बांधलेला असल्यास शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, नसल्यास साडेतीन फूट दूर. १३३३ सालीं एका दांपत्यानें फिर्याद केली कीं, सामाईक शौचकूपाचा आडोसा व छप्पर शेजाऱ्यांनीं काढून टाकल्यामुळें आंत बसणाराचें अंग दिसतें. १३४१ सालीं एका विधवेची तक्रार होती कीं, शेजाऱ्याच्या खिडक्यांतून तो व त्याचे नोकर तिच्या बागेंत पाहतात. आमच्याकडील महजर वाचणारास यांत परकें कांहीं वाटणार नाहीं. गोतानें वादाच्या जागीं उभें राहून, उभयतांचे राजीनामे घेऊन निवाडा करावा, त्यांतलाच हा प्रकार.

ही न्यायसभा शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा तंटा तोडी. साऱ्या नगराची रचना हा तिचा विषय नव्हता, हेंही सांगणें न्यायाचें होईल. तो विषय १९४७ च्या नगररचना कायद्यानें हातीं घेतला, आणि तेथेंच फिर्यादीचें स्थान पालटलें. बेकायदा बांधकामाविरुद्ध नोटीस काढणें नगरसभेस इष्ट वाटलें तरच ती निघते. जिच्यावर निघाली त्या व्यक्तीस मंत्र्याकडे अपील आहे. ज्यानें कळविलें त्यास नाहीं, कारण तो आतां वादी नसून केवळ खबर देणारा आहे. १९७४ च्या कायद्यानें ऑम्बुड्समन नेमले, परंतु कारभारांत दोष नसेल तर निर्णय बरा कीं वाईट हें पाहण्याचा अधिकार त्यांस नाहीं. शिवाय मुदतीची अडचण आहेच. बांधकाम पुरें होऊन ४ वर्षें लोटलीं कीं कारवाई खुंटत असे. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडांत ही मुदत १० वर्षें झाली, तथापि त्यापूर्वीं पुऱ्या झालेल्या कामांस जुनाच नियम राहिला. चौकशी रेंगाळली तर फायदा कोणाचा, हें उघड आहे. विलंब व मौन यांबद्दलची ओरड आम्हांस खरी वाटते. मात्र अधिकाऱ्यांच्या आळसापेक्षां फिर्यादीचें हें हिरावलेलें स्थानच तिचें अधिक मोठें कारण आहे.

संशोधकाच्या दृष्टीनें आणखी एक हानि आहे. १९९० च्या कायद्याच्या कलम १८८ अन्वयें नगरसभेस नोंदवही ठेवावी लागते, परंतु तींत निघालेल्या नोटिसांचीच नोंद होते. चौकशीअंतीं नोटीस न काढतां मिटविलेली तक्रार त्या वहींत येत नाहीं. १३४१ सालच्या त्या विधवेची फिर्याद मात्र आजही वाचावयास मिळते.