राखीव भूमीचे जुने देणे

कॅनडाच्या गवताळ प्रदेशात 1876 साली क्री लोकांशी झालेल्या सहाव्या कराराचे माप मोठे सोपे होते : पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव भूमी. घोटाळा झाला तो माणसे मोजताना. मोजणीच्या वेळी जे शिकारीस गेले होते, ते वहीत आलेच नाहीत. आणि जे वहीत नाहीत, त्यांच्या वाट्याची भूमीही नाही. हे देणे शतकाहून अधिक काळ तसेच राहिले.

राखीव क्षेत्रात भर घालण्याचे सरकारी धोरण 1972 साली प्रथम आखले गेले. पुढे 1992 साली सस्कॅचवान प्रांतातील 25 जमातींशी तडजोड झाली. सरकारने पैसा द्यावा, जमातींनी राजीखुशीने विकणाऱ्याकडून जमीन घ्यावी. परंतु स्वतः खरेदी केलेली जमीन राखीव व्हावयाची, तर तिची मालकी राजसत्तेच्याच हवाली करावी लागते! शिवाय खनिजांचे हक्क, विजेच्या तारा, नगरपालिकेचा बुडणारा कर. एकेका प्रकरणात वर्षेच्या वर्षे लोटली. 2016 साली नियम सुधारले. 2019 साली अमलात आलेल्या कायद्याने देशभर मंत्र्याचा हुकूम पुरेसा ठरविला.

कराची भीती मात्र अनाठायी होती. सस्काटून शहरात मस्केग लेकच्या क्री लोकांची 33 एकर जागा 1988 मध्ये राखीव झाली, तेव्हा पालिकेला कराइतकेच सेवाशुल्क देण्याचे त्यांनी मान्य केले. तेथे आज कचेऱ्या आणि व्यवसाय चालतात; चालविणारे सगळेच काही क्री नाहीत.