ज्वालामुखीची राख आणि विमानवाहतूक : एका नियमाचा इतिहास

इ. स. २०१० च्या एप्रिल महिन्यात आइसलंडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे युरोपातील विमानवाहतूक जवळजवळ सहा दिवस खंडित झाली. निसर्गाच्या प्रकोपापुढे मानवी यंत्रसामर्थ्य हतबल झाले, असे या घटनेचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते असत्य नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ते पुरेसे वाटणार नाही. १७८३ मध्ये आइसलंडमधील लाकीच्या भेगांतून निघालेल्या वायूंचे धुके युरोपभर पसरले होते, व त्याचा संबंध आइसलंडमधील ज्वालामुखीशी असावा असा तर्क बेंजामिन फ्रँकलिनने केला होता. २९ मार्च १९४७ रोजी हेक्लाचा स्फोट झाला, तेव्हा त्याची राख सुमारे दोन दिवसांत हेलसिंकीपर्यंत पोहोचली. आइसलंडची राख युरोपला नवी नव्हती. नवे होते ते आकाशाचा उपयोग करणारे जेट विमान आणि त्या उपयोगाला बांधणारा नियम. त्या नियमाचा उगम व परिणती यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राखेपासून विमानांना असलेला धोका प्रथम जमिनीवर दिसून आला. मार्च १९४४ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पायथ्याजवळच्या तळावर उभी असलेली अमेरिकेची सुमारे ऐंशी बी-२५ बाँबफेकी विमाने निकामी झाली. तथापि ही हानी तळाच्या स्थानामुळे झाली होती. उडत्या विमानाला राख काय करू शकते, हे उमगण्यास आणखी अडतीस वर्षे जावी लागली.

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान क्वालालंपूरहून पर्थकडे चालले होते. लंडनहून निघालेले हे उड्डाण मुंबईमार्गे तेथवर आले होते. जावाच्या दक्षिणेस सुमारे ११,००० मीटर उंचीवर विमानाच्या दर्शनी काचेवर निळसर प्रकाश खेळू लागला, आत गंधकासारखा वास पसरला आणि काही मिनिटांत चारही एंजिने बंद पडली. सुमारे ४,००० मीटर उंचीपर्यंत खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली व कॅप्टन एरिक मूडी यांनी विमान जाकार्ता येथे सुखरूप उतरविले. ही करणी गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेची होती. राखेचे कण काचमय असतात. एंजिनाच्या उष्णतेने ते वितळतात आणि टर्बाइनच्या पात्यांवर घट्ट होऊन हवेचा मार्ग रोधतात. एंजिन थंड झाले की हा थर तडकून गळतो. विमान वाचले ते यामुळेच. विमानावरील हवामान-रडार जलबिंदू टिपते, कोरडी राख त्याला दिसत नाही. म्हणून वैमानिकांना पूर्वसूचना मिळाली नव्हती.

१५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत के. एल. एम. कंपनीच्या ७४७ विमानाचीही चारही एंजिने बंद पडली आणि ती सुरू होईपर्यंत विमान चार हजारांहून अधिक मीटर खाली आले. या दोन अनुभवांनंतर सावधगिरीचे रूपांतर दृढ व्यवस्थेत झाले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या देखरेखीखाली जगभर राखेची सूचना देणारी नऊ केंद्रे उभी राहिली. नियमाचा आशय साधा होता : राख असेल तेथे जाऊ नये. किती राख, हा प्रश्न त्यात नव्हता. अलास्का किंवा इंडोनेशियाच्या विस्तीर्ण आकाशात वळसा घेणे शक्य होते. त्यामुळे त्या प्रश्नाची निकडही कोणास भासली नाही.

ती निकड २०१० मध्ये भासली. १४ एप्रिलला हिमनदीखालील मुख्य विवर फुटले. बर्फाच्या पाण्याशी लाव्ह्याचा संयोग होऊन राख अतिसूक्ष्म झाली आणि वायव्येच्या वाऱ्याने ती युरोपवर आणली. येथे वळसा घेण्यास जागाच नव्हती. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, सुमारे एक कोटी प्रवासी अडकले. विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या सदस्यांची हानी १७० कोटी डॉलर सांगितली. ज्यांचा या राखेशी काडीचाही संबंध नव्हता, त्या केनियातील फुले व भाजीपाला पिकविणाऱ्यांचा माल विमानाविना कुजला. १८ एप्रिलला पोलंडचे अध्यक्ष काचिन्स्की यांच्या अंत्यविधीस अनेक राष्ट्रप्रमुख पोहोचू शकले नाहीत.

कंपन्यांनी प्रवाशांविना चाचणी-उड्डाणे केली व बंदीला जाहीर विरोध केला. अखेर २० एप्रिल रोजी ब्रिटनच्या विमानवाहतूक प्राधिकरणाने एंजिन-निर्मात्यांच्या संमतीने मर्यादा ठरविली : घनमीटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत राख असल्यास उड्डाण करता येईल. जो प्रश्न दोन दशकांत विचारला गेला नव्हता, त्याचे उत्तर सहा दिवसांत सापडले. यावरून सुरक्षिततेने व्यापारापुढे मान तुकविली, असा आक्षेप घेता येईल. उलट, मुळात बंदीच अनाठायी होती, असे कंपन्यांचे म्हणणे. प्रस्तुत लेखकास दोन्ही मते एकांगी वाटतात. कोपनहेगन व आइसलंड येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात आरंभीच्या राखेचे कण विशेष कठीण व तीक्ष्ण आढळले. म्हणजे बंदी निराधार नव्हती. उणीव होती ती पूर्वतयारीत : शांततेच्या वीस वर्षांत जे मोजमाप करावयाचे, ते संकटाच्या दडपणाखाली करावे लागले, आणि त्या विलंबाचे मोल ज्यांनी दिले, त्यांत नियम करताना ज्यांचा विचारही झाला नव्हता असे लोक होते.

मे २०११ मध्ये ग्रिम्सव्होत्नचा उद्रेक अधिक प्रबळ असूनही सुमारे ९०० उड्डाणेच रद्द झाली. याचे श्रेय केवळ नव्या मर्यादेस देता येणार नाही. ती राख जाडसर होती व वारेही निराळे होते. तरी सरसकट बंदीचा काळ संपला, हे मात्र खरे.

हा विषय आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख येमेन, ओमान व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या रात्री वायव्य भारतावर आली. काही उड्डाणे रद्द करून विमानांची तपासणी करावी लागली. राख कोठवर जाईल हे वारा ठरवितो. ती किती सोसावी हे ठरविणे मनुष्याकडे आहे. तो निर्णय आकाश निरभ्र असतानाच घेतला जावा, एवढाच या इतिहासाचा निष्कर्ष.