दोईत्सु: जपानी तळ्यातला जर्मन मासा

कोई मासे विकणाऱ्यांच्या यादीत एक शब्द सारखा भेटतो: दोईत्सु. दोईत्सु कोहाकु, दोईत्सु शोवा, वगैरे. नावं सगळी जपानी आणि किमतीही जपानी. बागेत तळं करून त्यात हे लाल-पांढरे मासे सोडणं, काठावर दगडी दिवा ठेवणं आणि बाकावर एखादं बोन्साय मांडणं हा जर्मन मध्यमवर्गाचा जुना शौक आहे. आमच्या आखनच्या आसपासही अशी तळी आहेत. हौशी माणूस पैसे मोजून खास जपानहून आलेला 'दोईत्सु' मासा घरी आणतो. आणि जपानी भाषेत दोईत्सु म्हणजे काय? तर जर्मनी! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं.

ह्या माशाच्या नावात अजून एक गंमत आहे. 'कोई' ह्या जपानी शब्दाचा अर्थच मुळी कार्प. म्हणजे आपण 'कोई कार्प' म्हणतो ते 'पिवळा पीतांबर' म्हटल्यासारखं झालं. रंगीत कोईचं खरं नाव 'निशिकीगोई'. निशिकी म्हणजे जरतारी, किनखाबी कापड. किनखाबी कार्प! नाव ऐकून वाटतं की हा मासा सम्राटांच्या राजवाड्यात हजार वर्षं पोहत असणार. प्रत्यक्षात त्याचं वय जेमतेम दोनशे वर्षं आहे आणि तो राजवाड्यातला नाही, शेतकऱ्याच्या भातखाचरातला आहे. पण त्याआधी थोडं मागे, आखनलाच जायला हवं.

आखन हे शार्लमेनचं गाव. जर्मन लोक त्याला कार्ल म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या मोहाने त्याने इथे राजवाडा बांधला, ८१४ मध्ये तो इथेच वारला आणि त्याने बांधलेल्या चॅपेलमध्येच त्याला पुरलं. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी काढली, त्यातल्या बारा स्थळांत आखनचं कॅथेड्रल होतं. त्याच्या काळातला, म्हणजे इसवी सन ८०० च्या आगेमागेचा, एक हुकूमनामा प्रसिद्ध आहे: 'कापितुलारे दे व्हिलिस'. राजाच्या जहागिरी कशा चालवायच्या ह्याचे बारीकसारीक नियम त्यात आहेत. शेवटच्या कलमात बागेत काय काय लावावं त्याची यादी आहे, सत्तरेक वनस्पती आणि सोळा झाडं. त्या यादीबरहुकूम लावलेली 'कार्लची बाग' गावाबाहेर गुट मेलाटेन ह्या जुन्या वाड्याजवळ आहे.

लोक झाडांची यादी वाचतात. मला त्यातली माशांची कलमं जास्त आवडतात. एकात म्हटलंय, की जिथे जिथे आधीपासून मत्स्यतळी आहेत तिथे ती राखावीत, वाढवता आली तर वाढवावीत, आणि जिथे नाहीत पण होण्यासारखी आहेत तिथे नवी करावीत. दुसऱ्यात म्हटलंय, की तळ्यातले मासे विकावेत, त्यांच्या जागी दुसरे सोडावेत, म्हणजे मासा कधी कमी पडणार नाही. आणि राजा त्या जहागिरीवर येणार नसेल तर मासे विकून पैसा खजिन्यात भरावा. सम्राट झाला तरी हिशेबाला पक्का! ह्या तळ्यांत शोभेचा भाग शून्य. तळं म्हणजे जिवंत मासळीचं कोठार.

त्या हुकूमनाम्यात कार्पचं नाव नाही. कार्प मूळचा पूर्वेकडचा, डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातला. सहाव्या शतकात इटलीत थिओडोरिक राजाचा मंत्री कासिओदोरस राजाच्या पंगतीत कुठकुठले पदार्थ असावेत ते सांगताना डॅन्यूबच्या कार्पचा उल्लेख करतो. तिथून तो पश्चिम युरोपभर पसरला तो मुख्यतः पुढच्या काही शतकांत, आणि त्यात मोठा हात होता ख्रिस्ती मठांचा. शुक्रवार आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपास, म्हणजे मांस वर्ज्य. मासा मात्र चालतो. आता समुद्रापासून शेकडो मैल दूर, बर्फाच्या गाड्या नसलेल्या काळात, ताजा मासा आणायचा कुठून? तर मठाच्या तळ्यातून. कार्प गढूळ, उथळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरतो, मिळेल ते खातो आणि भराभर वाढतो. एकादशी आणि दुप्पट खाशी हा प्रकार आपल्याकडेच आहे असं कुणी समजू नये. बव्हेरियात वाल्डसासेनसारख्या मठांभोवती जी तळ्यांची रांगच्या रांग दिसते, ती ह्या उपासाची देणगी.

ह्याच तळ्यांत कार्पचं रूप बदललं. कधीतरी काही पिल्लं अशी निपजली की त्यांच्या अंगावर पाठीलगत आरशासारखे चारदोन मोठे खवले, बाकी कातडी उघडी. काहींना तर खवले जवळजवळ नाहीतच. निसर्गात हे व्यंग. स्वयंपाकघरात मात्र वरदान. खवले खरवडण्याचं काम वाचलं! तळेवाल्यांनी नेमके तेच मासे पैदाशीला ठेवले. पहिल्याला म्हणतात आरसा-कार्प, दुसऱ्याला चामडी-कार्प. खवल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकातल्या बिघाडाने आरसा-कार्प होतो, हे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. आजही बव्हेरिया-सॅक्सनीत नाताळच्या सुमाराला कार्प खातात आणि त्याचा एक खवला वर्षभर पैशाच्या पाकिटात ठेवतात, पैसा टिकावा म्हणून. आपल्याकडे दसऱ्याचं सोनं असतं तसंच.

आता जपान. समुद्रापासून दूर नाही, पण निइगाता प्रांतातल्या यामाकोशीच्या डोंगरात हिवाळ्यात तीन-तीन, चार-चार मीटर बर्फ पडतं आणि गावं तुटतात. तिथले शेतकरी भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेताला पाणी पुरवणाऱ्या तळ्यांत काळा कार्प पाळत. हिवाळ्यातलं प्रथिन तेवढंच. १८०४ ते १८३० च्या दरम्यान त्यात काही पिल्लं लाल, पांढऱ्या झाकेची निघाली. लोकांनी ती खाल्ली नाहीत, वेगळी ठेवली. लांब हिवाळा, हाताला काम नाही, आणि कुणाच्या तळ्यात जास्त सुंदर रंग निघतो ह्याची चुरस. एवढ्यावर ही कला उभी राहिली. १९१४ मध्ये टोकियोच्या मोठ्या प्रदर्शनात ह्या खेडुतांनी आपले मासे मांडले तेव्हा कुठे जपानलाच कळलं की आपल्याकडे असा मासा आहे. म्हणजे प्राचीन जपानी परंपरा वगैरे जे आपण समजतो, तिचा देशभरचा बोलबाला पहिल्या महायुद्धाच्या वर्षी सुरू झाला.

आणि त्याच्या दहा वर्षं आधी, १९०४ मध्ये, जपानने जर्मनीहून आरसा आणि चामडी कार्प मागवले होते. शोभेसाठी नव्हे, खाण्यासाठी. जर्मन सैन्य, जर्मन वैद्यक, जर्मन कायदा असं सगळंच तेव्हा जपान आयात करत होता, त्यात मासाही आला. पण टोकियोतल्या अकियामा नावाच्या मत्स्यपैदासकाराने त्यांचा संकर निळसर 'असागी' कोईशी केला आणि १९१० च्या सुमाराला 'शूसुई' जन्मला. शूसुई म्हणजे शरदातलं पाणी. निळी उघडी पाठ, तिच्या मधोमध गडद खवल्यांची एकच रांग, कुशीला तांबूस रंग. बव्हेरियन स्वयंपाक्याची सोय म्हणून राखलेलं व्यंग जपानी डोळ्याने दागिना केलं! तेव्हापासून कुठल्याही जातीचा कोई बिनखवल्याचा निघाला की त्याला दोईत्सु म्हणतात.

पुढे प्लॅस्टिकची पिशवी, त्यात भरलेला प्राणवायू आणि विमानं आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कोई जगभर निघाला. बागा आधीच येऊन बसल्या होत्या. आखनहून तासा-दीड तासाच्या टापूत तीन आहेत आणि तिन्हींची जन्मकथा वेगळी. लेव्हरकुसेनची बाग बायर कंपनीचा सर्वेसर्वा कार्ल डुइसबर्ग ह्याने १९१२ च्या सुमारास कारखान्याच्या आवारात करवली, तेव्हाच्या जपानी फॅशनपायी. डुसेलडॉर्फच्या नॉर्डपार्कमधली १९७५ ची बाग तिथल्या जपानी रहिवाशांनी शहराला भेट दिली. आणि सीमेपलीकडे बेल्जियममधल्या हासेल्टची अडीच हेक्टरांची बाग १९९२ मध्ये उघडली, ती इतामी ह्या जपानी शहराशी असलेल्या मैत्रीतून. हासेल्टने बदल्यात इतामीला फ्लेमिश घंटा दिल्या. उद्योगपतीची हौस, परक्या गावात रुजलेल्या लोकांची कृतज्ञता आणि दोन नगरपालिकांचा आहेर: एकाच दगडी दिव्यामागे एवढी वेगवेगळी कारणं.

हौशी माणसाच्या बागेत मात्र मुख्य प्रश्न हिवाळ्याचा. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांना, त्यामुळे वर बर्फ धरलं तरी तळाशी ४ अंशांचा थर राहतो आणि मासे तिथे जवळजवळ निपचित बसून राहतात. म्हणून तळं दीडेक मीटर तरी खोल हवं. थंडीत त्यांचं पचन मंदावतं, खाणं बंद करावं लागतं, आणि बर्फात एक भोक उघडं ठेवावं लागतं, नाहीतर तळाचे विषारी वायू अडकतात. बोन्सायचं नेमकं उलटं. लोक थंडीच्या काळजीने त्याला उबदार दिवाणखान्यात आणतात आणि तिथेच ते मरतं. मेपल, पाइन ही बाहेरची झाडं. त्यांना हिवाळ्याची झोप लागतेच. फक्त उथळ कुंडीतली मुळं गोठू नयेत म्हणून कुंडी मातीत पुरायची किंवा गुंडाळायची.

बोन्सायची गोष्टही कार्पसारखीच आहे. कला चीनमधून जपानमध्ये आली, आणि तिचं आजचं माहेरघर म्हणजे ओमिया हे गाव वसलं १९२५ मध्ये, १९२३ च्या भूकंपाने टोकियोतल्या कुंडीवाल्यांना हुसकावल्यावर. इथले जाणते बोन्सायवाले जपानी झाडांच्या मागे फारसे लागत नाहीत. बीच, हॉर्नबीम, लार्च ही इथल्याच रानातली झाडं ते कुंडीत घेतात. आपल्याकडचे वामनवृक्षवाले वड-उंबर घेतात तसंच. जुन्या वाड्याच्या भिंतीत, चिमूटभर मातीवर वर्षानुवर्षं खुरटून उभा असलेला पिंपळ कुणी पाहिला नाही? जपानने शिकवलं ते झाड नव्हे, त्याकडे पाहण्याची रीत.

पण ह्या सुरेख देवघेवीला दुसरी बाजू आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत आणि इस्रायलमध्ये कोई अचानक तळ्याच्या तळ्यांनी मरू लागले. कल्ले सडायचे आणि काही दिवसांत सगळं तळं उलटं तरंगायचं. कारण निघालं एक नागीणवर्गीय विषाणू. माणसाला तो काही करत नाही, सोनमाशाला आजारी पाडत नाही, पण किनखाबी कोई आणि ताटातला कार्प ह्यांच्यात तो भेद करत नाही. कारण भेद नाहीच. दोन्ही एकाच जातीचे. वाचलेला मासा वरवर धट्टाकट्टा दिसतो आणि रोग अंगात घेऊन फिरतो. शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर विषाणू पसरला आणि पिढ्यान्‌पिढ्या कार्प पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या तळ्यांत शिरला. २००३ मध्ये जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात खाण्यासाठी पाळलेले हजार टनांहून जास्त कार्प मेले. एकीकडे २०१८ मध्ये हिरोशिमाच्या लिलावात एकच कोहाकु २० कोटी ३० लाख येनला गेला, आणि दुसरीकडे त्याचा सख्खा भाऊ किलोच्या भावाने विकणारा शेतकरी दर उन्हाळ्यात पाणी तापलं की धास्तावलेला. युरोपीय संघात हा रोग सरकारला कळवणं आज बंधनकारक आहे.

पुणेकरांना हे सगळं लांबचं वाटायला नको. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. 'पूर्वरंग' लिहिणाऱ्या माणसाचं नाव जपानी बागेला, हे छानच जमलंय. मूळची कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली, आणि त्या सरंजामी बागेत भातखाचर होतं, आजही त्याचा तुकडा राखलेला आहे. शोभा आणि पोट तिथे शेजारी शेजारी नांदतात. आपल्याकडेही कार्प शोभेसाठी आला नाही. १९३९ मध्ये जर्मन आरसा-कार्प सिलोनमार्गे उटीला आला, १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरा वाण आला, आणि कटला, रोहू, मृगळ ह्यांच्या जोडीने महाराष्ट्रातले मत्स्यशेतकरी ज्याला 'सायप्रिनस' म्हणतात तो हाच. बागेतल्या पुलावरून ज्याचे फोटो काढतो त्याचा चुलतभाऊ बाजारात बर्फावर पडलेला असतो.

म्हणून एकच विनंती. घरच्या टाकीतला कोई मोठा झाला, आवरेना, की त्याला 'मोकळं करावं' म्हणून जवळच्या तलावात किंवा नदीत सोडायचं पुण्यकर्म कृपया करू नका. कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांची जागा घेतो. काश्मीरच्या सरोवरांत तो सोडल्यावर तिथल्या मूळच्या माशांची संख्या घटली. शिवाय तो सोबत काय घेऊन येतो ते डोळ्यांना दिसत नाही. कुणी पाळणारा सापडेपर्यंत त्याला मोठ्या टाकीत ठेवा. शार्लमेनच्या कारभाऱ्यालाही आपल्या तळ्यात किती मासे आहेत आणि ते कुठे जातात ह्याचा हिशेब द्यावा लागत होता. आपल्याला निदान आपल्या एका माशाचा देता यायला हरकत नाही.