पुराचा नकाशा कम्प्युटर काढतो, पण पाणी कुठून येतं हे त्याला कोण सांगतं?

माळशिरस तालुक्याच्या कडेने वाहणारी नीरा नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. नीरेवर वरच्या अंगाला वीर धरण, भीमेवर उजनी. दोन्हीकडून एकाच वेळी विसर्ग वाढला, तर संगमाजवळ पाणी कुठवर चढेल?

असा अंदाज ‘हेक-रास’ या मोफत सॉफ्टवेअरवर काढता येतो. त्यात नदी आणि काठची जमीन लहानमोठ्या, वेड्यावाकड्या तुकड्यांत विभागतात. हाच मेश. त्याच्या कडेवर काय घडतं, हे मात्र माणसालाच सांगावं लागतं. त्याला म्हणतात बाउंडरी कंडिशन. दोन्ही नद्या आत शिरतात तिथे वेळेनुसार विसर्ग द्यायचा. खाली, पंढरपूरच्या दिशेला, पाण्याची पातळी किंवा उतार. एकेक तुकडा निवडावा लागत नाही. कडेबाहेर रेघ ओढली की तिच्यालगतचे तुकडे सॉफ्टवेअरच शोधतं.

गफलत होते ती इथेच. जिथे रेघ नाही, तिथे सॉफ्टवेअर चक्क भिंत धरतं! खालची रेघ फक्त पात्रापुरती ओढली, तर काठावर पसरलेलं पाणी त्या भिंतीला अडून तुंबतं आणि कोरडी शेतं नकाशावर बुडालेली दिसतात. म्हणून रेघ पूरपट्ट्याएवढी रुंद हवी आणि ती कड संगमापासून बरीच खाली. उलट, उतार जास्त दिला तर पाणी भराभर निघून जातं. ही चूक जास्त धोक्याची, कारण बुडणारी वस्ती कोरडी दिसते.