‘अंकुराची वाढ’ : एका निसर्गचित्रणाचा पुनर्विचार

नाशिकच्या इंदिरानगर वसाहतीपासून जवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या आणि १९४४ साली नाशिक येथे निवर्तलेल्या या कलावंताचे नाव ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाशी कायमचे जोडले गेले आहे. तथापि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत लोकांपुढे येण्यापूर्वीच फाळक्यांच्या कॅमेऱ्याने निसर्गातील एक घटना टिपली होती. ती म्हणजे वाटाण्याच्या दाण्यातून रोप उगवण्याची.

१९१२ साली विमा-पॉलिसीवर कर्ज काढून फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविणे आवश्यक होते. त्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर स्थिर ठेवला आणि सुमारे महिनाभर वाढीच्या अवस्था टिपल्या. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखला जाणारा हा लघुपट निवडक मंडळींना दाखविण्यात आला व द्रव्यसाहाय्याचा मार्ग मोकळा झाला.

या प्रसंगाच्या प्रचलित वर्णनात रोज एकच चित्र घेतल्याचे सांगतात. ते मात्र गणिताच्या कसोटीस उतरत नाही. मूकपटाची गती सेकंदास साधारणतः १६ चित्रांची धरली, तर ३० चित्रे दोन सेकंदांतच संपतात. एक मिनिटाच्या दृश्यास ९६० चित्रे लागतात. अर्थात महिनाभर रोज सुमारे ३२. तेव्हा पाहणाऱ्यास वाढीचा प्रत्यय येण्याइतका हा लघुपट दीर्घ असेल, तर रोज अनेक चित्रे घेतली गेली असली पाहिजेत. केवळ चमत्काराची आख्यायिका म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या कृतीमागे किती चिकाटी होती, हे या हिशेबावरून ध्यानात येते.

हे तंत्र जगास नवे नव्हते. जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या सुमारास वनस्पतींच्या हालचाली अशाच प्रकारे टिपल्या होत्या. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१० साली आला. फेफर यांचा हेतू शास्त्रीय, तर स्मिथ यांचा लोकरंजनासह लोकशिक्षणाचा. फाळक्यांचा हेतू मुख्यतः आर्थिक होता, हे मान्य करावे लागते. परंतु हेतू व्यावहारिक असला म्हणून कृतीचे मोल कमी होत नाही. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय आणि पुढे पुरातत्त्व खात्यातील काम करताना त्यांचा संबंध स्थिर चित्राशी आला होता. येथे त्यांनी डोळ्यास न दिसणारी मंद गती दृश्य केली.

पौराणिक चित्रपटांचे जनक ही फाळक्यांची ओळख यथार्थ आहे. पण ती अपुरी आहे. देवादिकांचे चमत्कार पडद्यावर आणण्यापूर्वी त्यांनी एका दाण्याचे नित्य घडणारे नवल दाखविले. मराठी भूमीतील निसर्गचित्रणाचा इतिहास लिहिताना या वाटाण्याच्या रोपास आरंभीच स्थान द्यावे लागेल.