पूरक पोथी

जळगावापासून दीड-दोन कोसांवर असलेल्या मौजे असोद्याचे नाव बाहेरच्या मुलखास दोन कारणांनी ठाऊक आहे: एक तेथील भरताची वांगी आणि दुसरे, १८८० साली तेथल्या महाजनांच्या घरी जन्मलेली बहिणाबाई. पहिल्या कारणाविषयी खानदेशी माणसाशी वाद घालण्याचे धाडस कोणी करू नये. दुसऱ्याविषयी मात्र एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. जिला अक्षरओळख नव्हती, जिच्या ओव्या चिरंजीव सोपानदेवांनी आणि घरच्या मंडळींनी उतरून घेतल्या नसत्या तर शेतातल्या वाऱ्यावरच विरून गेल्या असत्या, आणि जिचा काव्यसंग्रह आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली, म्हणजे तिच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला, त्या बाईच्या तोंडी देवादिकांची नावे शेजारपाजारच्या माणसांच्या नावांइतक्या सहजतेने कशी येत असत? डोळ्यांनी जे वाचले नाही ते कानांनीच आले असले पाहिजे. आणि कानांनी येण्याचा त्या काळचा राजमार्ग म्हणजे गावोगाव चातुर्मासात लागणारी पोथी.

पोथी लावण्याची वहिवाट आता बरीच विरळ झाली आहे, म्हणून तिचा थोडा तपशील नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. आषाढातल्या एकादशीच्या आगेमागे, पेरण्या उरकून निंदणीचे दिवस सुरू झाले म्हणजे, रात्रीची जेवणे आटोपून मंडळी देवळात किंवा एखाद्या ऐसपैस ओसरीवर जमत. चौरंगावर तांबड्या बासनातून सोडलेली, लांबट सुट्या पानांची पोथी आणि बाजूस समई, किंवा पुढील काळात कंदील, एवढाच सगळा सरंजाम असे. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने तिचा अर्थ आपल्या बोलीत उलगडावा आणि श्रोत्यांपैकी कोणी तरी मधून मधून हुंकार द्यावा, असा क्रम चाले. तो हुंकार थांबला की मंडळी पेंगू लागली असे ओळखून चतुर वाचक तेवढ्यापुरती गती वाढवी. कृष्णजन्माच्या अध्यायास पाळणा बांधून सुंठवडा वाटावयाचा, रुक्मिणीस्वयंवर आले की अक्षता घेऊन यावयाचे, असा प्रघात होता. म्हणजे त्या रात्रीपुरता श्रोता हा श्रोता राहत नसे. तो गोकुळातला गवळी होई, विदर्भाकडला वऱ्हाडी होई आणि घरी परतताना पुन्हा आपला शेतकरी होई. अशा सोंगात रंगून जाण्याची हौस मनुष्यजातीस फार जुनी आहे, आणि हौशीला पुरेल इतका मजकूर कोठून आणावयाचा ही तिची अडचणही तितकीच जुनी आहे.

मात्र कोणती पोथी लावावी, हा प्रश्न आपण समजतो तितका प्राचीन नाही. हस्तलिखितांच्या काळात निवड अशी नव्हतीच. कुळकर्ण्याच्या दप्तरात, एखाद्या पुराणिकाच्या घरी अथवा मठात जी पोथी असेल ती लागे, आणि तीच दरसाल लागे. १८३१ साली मुंबईस गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढले, पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला, आणि छापील पोथ्या यात्रेजत्रेत पथारीवर मिळू लागल्या. त्याच सुमारास आगगाडी खानदेशात शिरली. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना इकडील कापसाची गरज भासली आणि काळ्या जमिनीच्या या मुलखात रोख पैसा खेळू लागला. छापखाना, आगगाडी आणि कापूस या तिहींच्या संगमावर आमच्या गावकऱ्यांपुढे निवडीचा प्रश्न प्रथमच उभा राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ ग्रंथाविषयी फारसा वाद नसे. श्रीधरस्वामी नाझरेकर यांचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे तीन ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन तपांत रचले गेले आणि महाराष्ट्राच्या ओसऱ्यांवर त्यांनी जे राज्य केले त्याला तोड नाही. खरी परीक्षा पुढे होती. पांडवप्रतापाचे चौसष्ट अध्याय संपले, समाप्तीचा प्रसाद झाला, आणि पुढील साली मंडळींनी विचारले, ‘मग पुढं काय झालं?’ तर वाचकाने काय काढावे? येथे पूरक पोथीचे प्रकरण सुरू होते. अश्वमेधाच्या घोड्यामागे निघालेल्या अर्जुनाला वाटेत भेटणारे सुधन्वा, चंद्रहास आणि मयूरध्वज हे व्यासांच्या भारतात नाहीत. ते जैमिनीच्या अश्वमेधात आहेत, आणि श्रीधराच्याच नावावर असलेला त्याचा मराठी अवतार लोकांना मुळाइतकाच प्रमाण वाटे. घोडा मोकाट सोडावयाचा आणि तो जाईल तेथे एक नवे राज्य, नवा राजा, नवा पेच उभा करावयाचा, ही योजना इतकी सोयीची आहे की कथा लांबविण्याची याहून उत्तम युक्ती आजतागायत कोणाला सुचली असेल असे मला वाटत नाही.

पण पूरक पोथ्यांची राणी म्हणावयाची तर ‘नवनाथ भक्तिसार’ हीच. धुंडीसुत मालूने १८१९ साली, म्हणजे पेशवाई बुडाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, चाळीस अध्यायांत ती पुरी केली. तिच्यातील अस्त्रे, शाबरी मंत्र, भस्माच्या चिमटीने घडणारे चमत्कार हे सर्व मनोवेधक खरेच; परंतु मला विशेष कौतुक वाटते ते तिच्या सांध्यांचे. सुताराने नवी फळी जुन्या चौकटीत बसवावी आणि फट दिसू नये, तशी ही कथा जुन्या ग्रंथांत बसविलेली आहे. भागवताच्या एकादश स्कंधातले नवनारायण कलियुगात नाथ होऊन येतात, हा पहिला सांधा. सेतुबंधावर मच्छिंद्रनाथांची गाठ थेट रामायणातल्या मारुतीशी पडते, दोघांचे युद्ध होते आणि मारुतीच्या सांगण्यावरून नाथ स्त्रीराज्यात मैनाकिनीकडे जातात, हा दुसरा. आणि ते स्त्रीराज्य तरी नवे कोठे आहे? अर्जुनाचा घोडा जेथे प्रमिलेने अडविला तेही जैमिनीचे स्त्रीराज्यच. ज्याने आदल्या साली जैमिनी ऐकला असेल तो श्रोता नवनाथांतल्या स्त्रीराज्यात शिरताना परक्या मुलखात शिरत नाही. शिवाय शेवटच्या अध्यायात कोणता अध्याय वाचल्याने कोणते फळ मिळते याची क्रमवार यादी दिलेली आहे, म्हणजे ग्रंथ वापरावा कसा याची तजवीज ग्रंथकर्त्यानेच करून ठेवली.

या सांध्यांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की ते बहुधा चिरंजीवांच्या ठायी असतात. ज्याचा मृत्यू मूळ कथेत सांगितलेला नाही तो पुढच्या कोणत्याही कथेत येण्यास मोकळा. मारुतीचे उदाहरण वर आलेच. खानदेशास त्याहून जवळचे उदाहरण अश्वत्थाम्याचे. सौप्तिक पर्वात मस्तकावरचा मणी गमावून, भळभळती जखम घेऊन हा ब्राह्मण रानात निघून जातो आणि व्यासांनी त्याला तेथेच सोडून दिले आहे. आमच्या मुलखाने मात्र त्याला आश्रय दिला. मोगली सुभा खानदेशाचे ठाणे जे बऱ्हाणपूर, त्याच्या उत्तरेस असीरगड आहे; १६०१ च्या आरंभी अकबराने तो फारुकी राजांकडून घेतला. त्या गडावरील महादेवाच्या पूजेस अश्वत्थामा अजून येतो अशी लोकवार्ता आहे. पश्चिमेकडे सातपुड्यात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंबा नावाचे शिखर त्याचेच मानतात, आणि दिवाळीत हजारो आदिवासी यात्रेकरू ते चढून जातात. त्याच डोंगररांगेत तोरणमाळावर गोरक्षनाथांचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. भारतातले उसवलेले एक पात्र आणि नाथांची पोथी अशी एकाच पर्वतावर शेजारी येऊन बसली आहेत. असोद्याच्या ओसरीवरून निघून सातपुड्यात पोहोचणारी कथा जुळविणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

निवडीची एक वाकडी रीतही आपल्याकडे होती, तिचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष, एक शक्तीला श्रेष्ठ मानणारा आणि दुसरा शिवाला. महाराष्ट्राप्रमाणे नेमाड-माळव्यातही त्यांचे फड रंगत. यांच्या भेदिक लावण्यांत पुराणांतले कूट प्रश्न घालून प्रतिपक्षास निरुत्तर करावयाचे असे. साहजिकच ज्या पोथीचे नावही समोरच्या शाहिराने ऐकलेले नसेल ती पोथी मोलाची ठरे, आणि गुरूने शिष्याला दिलेले बाड कुलुपात राही. या चुरशीमुळे अनेक आडबाजूच्या कथा जिवंत राहिल्या हे मान्य. परंतु प्रतिस्पर्ध्याला चीत करण्यासाठी निवडलेला ग्रंथ सभेच्या उपयोगी पडेलच असे नाही, आणि प्रश्न कोणालाच कळेनासा झाला की टाळ्याही पडत नाहीत.

हे सारे आठवण्याचे निमित्त सातासमुद्रांपलीकडचे आहे. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात, लेक जिनीव्हा नामक लहानशा गावी, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेस प्रती काढल्या अवघ्या १,०००. मेजाभोवती पाच-सहा जण बसतात, प्रत्येकजण एकेक सोंग घेतो, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो आणि निकाल फाशांवर लागतो. अशी एकेक मोहीम महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालते. तीन पुस्तिका पुरेनात, हे वर्षभरातच दिसून आले. १९७५ साली ‘ग्रेहॉक’ आणि ‘ब्लॅकमूर’ या पुरवण्या निघाल्या: पहिलीने चोराचे सोंग खेळात आणले, दुसरीने मारेकऱ्याचे. १९७६ साली आणखी दोन आल्या, त्यांतील चौथीचे नाव ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’. ग्रीक, मिसरी, नॉर्स देवांच्या पंक्तीस त्या पुस्तिकेत आपले इंद्र, अग्नी, वरुण हेही बसलेले आहेत, आणि प्रत्येकाचे बळ आकड्यांत मांडलेले आहे.

इंद्राला किती घाव सोसतील याचा आकडा छापलेला पाहून एखादा सोवळा वाचक कानांवर हात ठेवील. मला तसे करवत नाही. कारण एका अक्षौहिणीत रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५० असा चोख हिशेब ज्या परंपरेने मांडला, तिने परक्याच्या मोजदादीवर रुसावे हे शोभत नाही. अधिक मौज तर पुढेच आहे. संपादक टिम कास्क याने प्रस्तावनेत या पुरवणीचा हेतू उघड सांगून टाकला आहे: काही सूत्रधार आपल्या खेळाडूंना इतके बळ आणि धन वाटतात की ते देवांनाही भारी होऊन बसतात, निदान देवांच्या बळाची मर्यादा छापील पाहून तरी त्यांना शरम वाटावी. म्हणजे कलगी-तुऱ्याच्या शाहिराचा रोग तेथेही होताच, फक्त फड निराळा होता. आणि औषध म्हणून काढलेली पुरवणीच कित्येकांनी देवांना मारण्याची यादी म्हणून वापरली, असे ऐकिवात आहे.

पुढे ग्रंथांचा पूर आला. १९७९ साली गायगॅक्सने सूत्रधारांसाठी काढलेल्या ग्रंथाच्या एका परिशिष्टात आपल्याला स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची यादी छापली. पूरक वाचन कोणते करावे याविषयी ती यादी अनेकांना पुरवण्यांहून उपयोगी वाटते, आणि माझाही कौल तिकडेच आहे. नव्वदीच्या दशकापर्यंत मूळ प्रकाशनसंस्थेने इतकी निरनिराळी कल्पित विश्वे आणि त्या प्रत्येकाची इतकी पुस्तके काढली की एका विश्वाचा गिऱ्हाईक दुसऱ्या विश्वाचे पान उलटीना. संस्था कर्जात बुडाली आणि १९९७ साली दुसऱ्या संस्थेने ती विकत घेतली. बुडण्याची इतरही कारणे होती, पण हे एक कारण जाणकार हटकून सांगतात. जावजी दादाजींच्या पिढीने श्रीधराची तीच पोथी पुन्हा पुन्हा छापली आणि तिला गिऱ्हाईक कधी तुटले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता असोद्याहून जळगावास किंवा पुण्यास शिकावयास गेलेल्या एखाद्या तरुणाने मित्रांना जमवून खानदेशातच घडणारी अशी मोहीम मांडावयाचे मनात आणले, तर त्याने परदेशी पुरवण्यांवर पैसे उधळण्यापूर्वी काय जवळ करावे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. पांडवप्रताप विकत घेण्याची गरज नाही; त्यातली कथा मेजाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊकच असते आणि सूत्रधाराने ती गृहीत धरावी. नवनाथ अवश्य घ्यावा, कारण अस्त्रे, मंत्र आणि अवचित उपटणारी राज्ये यांचा तो अक्षय कोश आहे. जैमिनी उसना मिळाला तरी चालेल. घोडा सोडण्याची युक्ती कळली म्हणजे काम भागते. ‘गुरुचरित्र’ मात्र देवघरातच राहू द्यावे. ज्या ग्रंथाचे पारायण घरची वडील मंडळी सोवळ्याने करतात तो फाशांशेजारी ठेवून घरात कलह माजविण्यात शहाणपण नाही.

आणि एक ग्रंथ असा घ्यावा की जो कोणत्याच पोथीवाल्याच्या पथारीवर मिळाला नसता: मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचा खानदेशावरचा बारावा खंड. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली तो निघाला १८८० साली, म्हणजे नेमक्या बहिणाबाईच्या जन्मवर्षी. लळिंग आणि थाळनेरसारखे किल्ले, सातपुड्यातले घाट, भिल्लांच्या वस्त्या, हेमाडपंती देवळे, नद्यांचे उतार या सर्वांची टिपणे त्यात आहेत, आणि शेवटी स्थळांची अक्षरानुक्रमाने लावलेली हकिकत आहे. रात्री मुक्काम कोठे पडला असे खेळाडूंनी विचारले की सूत्रधाराने त्यातले पान काढावे. त्यातील जमाबंदीचे लांबलचक प्रकरण मात्र खुशाल वगळावे. मंडळींपैकी कोणी कुळकर्ण्याचे सोंग घेतले असेल, तर गोष्ट निराळी.